लोडमास्तरांच्या घरचा जनरेटर

आमच्याकडे जनरेटर बघायला माणूस पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात पान्ह्यांची पेटी नव्हती, दोन रिकाम्या बादल्या होत्या. मला वाटलं, घर चुकला.

"नळ ठीक आहेत आमचे," मी दारातूनच सांगितलं.

"नळ ठीक आहेत? मग फारच छान. ह्या भरून घेतो," असं म्हणून तो सरळ आत शिरला.

माणूस पन्नाशीच्या पुढचा, बुटका, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. भरलेल्या बादल्या त्याने मागच्या अंगणात जनरेटरशेजारी नेऊन ठेवल्या, पिशवीतून पाणी तापवायचे दोन हीटर काढून त्यांत सोडले, वायरी जोडल्या आणि मग हात पुसत विचारलं, "हं, आता सांगा. काय होतं ह्याला?"

मी सांगितलं. वीज गेली की हा सुरू होतो, जरा वेळ घर उजळतं, मग खोकतो आणि बंद पडतो. आणि दर आठवड्याला आम्ही नेमाने चालवून बघतो तेव्हा मात्र एकदासुद्धा कुरकुरत नाही.

"चालवून बघता म्हणजे? घर त्याच्यावर घेता?"

"छे, घर कशाला? नुसता सुरू करतो, थोडा वेळ ठेवतो, बंद करतो."

"हं," तो म्हणाला. डॉक्टर म्हणतात ना, तसला 'हं'.

त्याने जनरेटर सुरू केला. मला उगाच अभिमान वाटला. "बघा, किती गोड आवाज आहे."

"गोडच असणार. घरजावयाचा आवाज आहे हा. काम सांगेपर्यंत गोड." आणि त्याने हीटरची बटणं दाबली.

इंजिनाने असा काही कण्हल्यासारखा आवाज काढला की आमचे हे पेपर टाकून बाहेर आले. धूर निघाला, आधी पांढरा, मग काळा. इंजिन दोनदा अडखळलं आणि गप्प झालं. माणसाने बोट धुराच्या पाइपात घातलं आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. बोटावर डांबरासारखा काळा चिकटा.

"हे तुमचं डिझेल. न जळलेलं. ह्याला काम दिलं नाही तर हा तापत नाही, तापला नाही तर डिझेल पुरतं जळत नाही, आणि न जळलेलं सगळं आत बसतं. वर्षभर तुम्ही ह्याला लाडाने उपाशी मारलंत, ताई."

"उपाशी कुठे? डिझेल तर पीत होता!"

"कामाला उपाशी."

मग त्याने सगळं उघडून साफ केलं, पुन्हा जोडलं आणि दोन्ही हीटर लावून दुपारभर जनरेटर राबवला. शिवाय आमचा गिझर, इस्त्री, पाण्याचा पंप, जे म्हणून वीज खातं ते सगळं चालू करायला लावलं. भर उन्हाळ्यात मी रिकाम्या इस्त्रीजवळ बसून होते. संध्याकाळी जाताना म्हणाला, "बादल्यांतलं पाणी कडकडीत झालंय. फेकू नका. साहेबांना पाय शेकायला द्या." आमच्या ह्यांनी पाय शेकले आणि त्या दिवसापासून ते त्या माणसाचे भक्त झाले. जिवंत होते तोवर जनरेटर बिघडायची वाट बघत असत.

गावभर त्यांना लोडमास्तर म्हणत. कुणाच्याही दारात गेले की पहिला शब्द 'लोड टाका', म्हणजे जनरेटरवर खऱ्या कामाचा भार टाका. दातांच्या डॉक्टरांना तर त्यांनी खुर्चीतल्या पेशंटसमोर सुनावलं होतं, "डॉक्टर, न चावता ठेवलेले दात टिकतात का? नाही ना? मग जनरेटरला चावायला द्या काहीतरी." पेशंटच्या तोंडात कापूस होता, नाहीतर तोही हसला असता.

त्यांची काम करायची तऱ्हा मला आवडायची, कारण तिच्यात दिखाऊपणा नव्हता. झाकण उघडायच्या आधी ते माणसांशी बोलत. तेसुद्धा मालकाशी नाही. वीज गेली तेव्हा घरात कोण होतं, त्याच्याशी. घरकाम करणाऱ्या बाईला विचारत, "आवाज आधी बसला की दिवे आधी मंद झाले?" आवाज आधी बसला असेल तर ते इंजिनाकडे जात, दिवे आधी मंद झाले असतील तर तारांच्या गुंडाळ्यांकडे. मालक मध्ये बोलायला लागले की म्हणत, "साहेब, तुम्ही तेव्हा ऑफिसात होतात." एवढंच. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंवर त्यांचा राग. का, तर "बॅटरी मरताना सांगत नाही. इंजिन मरण्याआधी खोकतं तरी. खोकणाऱ्यावर विश्वास ठेवावा."

आता त्यांच्या घराकडे वळते, कारण सांगायचं आहे ते तिथलंच.

आमच्या मागच्या गल्लीत, शेवटच्या घरात ते आणि त्यांची बायको राहत. मास्तर मला ताई म्हणत, तेव्हा ती आपोआप वहिनी झाली. वयाने मात्र माझ्याहून बरीच लहान. ती जनरेटरच्या गुंडाळ्या भरायची. जळालेली तार काढायची, नवी तांब्याची तार वेढ्यांवर वेढे घालून बसवायची, मग वर वॉर्निश चढवायचं. मोजदाद बोटांतच होती तिच्या, एकीकडे गप्पा मारत हात चालू. पंचवीस-तीस वर्षं दोघांचा संसार असा: ते बाहेरून जळकं आणायचे, ही घरात नवं करून द्यायची. वॉर्निश स्वयंपाकघरातच सुकायचं, खिडकी लावलेली, नाहीतर धूळ बसते.

मग तिची छाती धरली. आधी जिना चढताना, मग सपाट चालताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कडक झालीत, कशामुळे ते सांगता येत नाही. मास्तरांना मात्र ते सांगता येत होतं. त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही, पण वॉर्निशचे डबे त्यांनी घरातून असे बाहेर काढले, जसा काही साप निघाला होता.

तिच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. लहान कपाटाएवढं, विजेवर चालणारं, घरघरणारं. नाकाशी नळी. दिवसरात्र. वीज गेली की ते मशीन असं किंचाळतं की मेलेला उठून बसेल. तसा कोपऱ्यात एक सिलिंडर होता, पण त्याची किल्ली फिरवायला तिच्या हातात ताकद उरली नव्हती. म्हणून मास्तरांनी तिच्यासाठी जनरेटर बांधला. तीन मोडीतल्या जनरेटरांचे चांगले चांगले अवयव घेऊन, रंग देऊन, परसात पत्र्याच्या छपराखाली. त्याला ऑटो पॅनेल लावलं. वीज गेली की आपोआप सुरू, आपोआप घर अंगावर घेणार, वीज आली की आपोआप बंद. वहिनीने बोटसुद्धा हलवायचं नाही.

"राणीसारखी ठेवलीय तुला," मी एकदा म्हटलं.

"काचेच्या भांड्यासारखी म्हणा," ती म्हणाली. "वर फडताळात. हात लावायचा नाही."

मी रोज दुपारी तिच्याकडे पत्ते खेळायला जायचे. पत्ते खेळताना कमी बोलावं लागतं आणि बोलायचं असलं तर बोलता येतं. त्या दिवशीही आम्ही खेळतच होतो. मास्तर दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. वीज गेली. मशीन किंचाळलं. परसात जनरेटर सुरू झाला, अगदी वेळेवर. पॅनेलने खटकन घर त्याच्यावर घेतलं. ऑक्सिजनचं मशीन, फ्रीज, पंखे, सगळं एकदम. मशीन पुन्हा घरघरलं. वहिनीने पत्ता टाकला.

आणि इंजिन खोकलं.

खिडकीतून मला धूर दिसला. आधी पांढरा, मग काळा. आवाज बसत बसत गेला आणि बंद पडला. ऑटो पॅनेल हट्टी. त्याने पुन्हा सुरू केलं. पुन्हा खोकला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच झालं, आणि मग पॅनेलवर लाल दिवा लागला आणि त्यानेही हात टेकले. इकडे मशीन किंचाळतंय, आणि वहिनी माझ्याकडे बघतेय. ओठांचा रंग उतरायला लागलेला.

मी सिलिंडरकडे धावले. किल्ली कुठे बसते, कुठल्या बाजूला फिरते, काही कळेना. वहिनीने हाताने दाखवलं: डावीकडे. डावीकडे, ताई! मग खुणेनेच सांगितलं, नळी मशीनवरून काढून इकडे लावा. शेवटी सूं सूं आवाज आला, आणि थोड्या वेळाने तिच्या ओठांवर रंग परतला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "ताई, पानं उताणी पडलीत तुमची. दिसतायत मला."

मी फोन केला होताच. मास्तर आले ते धावत, स्कूटर फाटकातच आडवी टाकून. आधी तिच्याकडे. तिने हाताने 'ठीक आहे' अशी खूण केली. मग ते परसात गेले. मी मागोमाग. त्यांनी झाकण उघडलं नाही, मला काही विचारलं नाही. सरळ धुराच्या पाइपात बोट घातलं आणि बाहेर काढलं. डांबर.

ते तिथेच पायरीवर बसले. बोट तसंच समोर धरून.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी फटकळ बाई, आलेलं सहसा गिळत नाही. त्या दिवशी गिळलं. पण विचारल्याशिवाय राहवेना. "मास्तर, अहो गावभर बादल्या घेऊन फिरता. तुमच्याच घरी बादल्या नव्हत्या?"

"होत्या."

"मग?"

मग म्हणाले, "पहिल्या आठवड्यात टाकला होता लोड. दोन्ही हीटर लावले. आवाज बसला. बसतोच, त्यात काही वाईट नाही. पण मी खिडकीतून बघितलं, तर ही पांढरी पडली होती, नळी घट्ट धरून. तिला वाटलं असणार, हा आत्ता मरतोय, मग मी. मी लगेच हीटर काढले. पुढे दर आठवड्याला नुसताच चालवला. गोड आवाजात. तिच्या कानाला बरं वाटावं म्हणून. वीज जायची तेव्हाही अंगावर मशीन, फ्रीज, पंखे एवढंच, तेवढ्याने हा तापत नाही." बोट विजारीला पुसलं. "वर्ष झालं. सगळ्यांना ओरडतो मी. आणि इथे..."

आणि उठून त्यांनी पान्हा हातात घेतला.

जनरेटर त्यांनी त्याच दिवशी साफ करून, सिलिंडरवर वहिनी असताना बादल्या लावून चांगला राबवला. इंजिन दुरुस्त झालं. मास्तर नाही झाले. त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. परसात खुर्ची टाकून बसायचे, इंजिनाकडे तोंड करून, बंद इंजिनाकडे! ज्याला गरज असेल त्याने आपला जनरेटर इथे आणावा म्हणे. आता घराघरांतले जनरेटर काय शिवणयंत्रं आहेत, उचलून आणायला? फोन वाजायचे आणि वीज गेली की तर सगळे एकदम वाजायचे. ह्या धंद्याची गोमच ती. ज्या घटकेला अख्ख्या गावाला हा माणूस हवा असतो, नेमक्या त्याच घटकेला ह्याच्या स्वतःच्या घरातही अंधार असतो. पूर्वी ते जायचे, कारण घरी पॅनेल होतं. आता पॅनेलवर विश्वास नाही, आणि स्वतःवर तर त्याहून नाही.

लोक दुसऱ्या कुणाकुणाला बोलवायला लागले. मास्तर म्हणायचे, "बरंच झालं. आराम मिळाला." आणि आरामात बसून नखं खायचे.

वहिनीचा मात्र पारा चढत चालला होता. एक दिवस पत्ते मांडलेले असताना मास्तर तिसऱ्यांदा दारात येऊन डोकावले तेव्हा तिने पानं आपटली.

"अहो, मी जिवंत आहे. बघून झालं? जा."

"नुसतं विचारायला आलो, पाणी..."

"पाणी आहे. हवा आहे. नवरासुद्धा आहे, जरा जास्तच आहे. ताई, तुमच्याकडे न्या ह्यांना. इस्त्रीजवळ बसवा."

"मला ओझं झालंय का तुझं?" मास्तर दुखावून म्हणाले.

"मला झालंय ना! मी ओझं झालेय तुमच्यावर, दिसतंय मला ते. तुमचं काम सुटलं ते कुणामुळे? पहारेकरी नको मला."

"तू घाबरलीस त्या दिवशी..."

"कुठल्या दिवशी?"

"पहिल्यांदा लोड टाकला तेव्हा. पांढरी पडली होतीस. म्हणून तर मी..."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. बोलायला तिला दम गोळा करावा लागतो, तो तिने केला.

"आवाजाला घाबरले मी? अहो, लोडखाली इंजिन कण्हतं हे मला माहीत नाही? ह्या घरात तीस वर्षं तेच ऐकतेय ना? मी खिडकीतून तुमचं तोंड बघितलं. तुम्ही असे उभे होतात, जसं काही बॉम्ब पेटवलाय. मला वाटलं, ह्यांनाच भरवसा नाही. म्हणून पांढरी पडले."

"मी तुझ्याकडे बघत होतो," मास्तर म्हणाले.

"आणि मी तुमच्याकडे."

मी पानांकडे बघत बसले. आता खरं म्हणजे शहाण्या बाईने अशा वेळी उठून घरी जावं. मी शहाणी नाही. म्हटलं, "मग वर्षभर एकमेकांना विचारायला काय झालं होतं? जीभ भाड्याने दिली होती?"

"तुम्ही गप्प बसा ताई," वहिनी म्हणाली. मग मास्तरांना, अगदी कामाच्या आवाजात, "ते पॅनेल काढा."

"काय?"

"ऑटो काढा. हाताचा बसवा. इथे, माझ्या उशाशी. सुरू करायचं बटण आणि घर जनरेटरवर घ्यायचा खटका. मी करीन."

"अगं, वेडी झालीस का? लोक हाताचे काढून ऑटो बसवतात. उलटं कोण करतं?"

"मी. आपोआप होतं ना, तेव्हा मला कळत नाही काय चाललंय. नुसतं पडून ऐकायचं, आता घेईल का, मग घेईल का. भीती त्याची आहे. माझ्या हातात काहीतरी द्या."

"खटका जड असतो."

"तांब्याची तार ओढलीय मी आयुष्यभर. हलका शोधा. दांडा लांब लावा. तेवढं येतं ना?"

मास्तर माझ्याकडे वळले. मला वाटतं, माझ्याकडून मदतीची अपेक्षा होती. मी म्हटलं, "येतं ना तेवढं?"

त्यांना आलं. पण हात कसे चालत होते ते मी बघितलंय. प्रत्येक स्क्रू उलट्या मनाने. पॅनेल भिंतीवरून उतरवलं तेव्हा मागे रंगाचा चौकोन राहिला, तो त्यांनी पुसून काढायचा प्रयत्न केला, कारण हातांना दुसरं काही सुचेना. खटका मोठा, तीन जागांचा: वर वीज, मध्ये काहीच नाही, खाली जनरेटर. दांड्याला त्यांनी लांब नळी जोडली आणि तिच्यावर जुन्या मोज्याचं कापड गुंडाळून शिवलं, हाताला टोचू नये म्हणून. मी म्हटलं, "मास्तर, रेशीम लावा की." ते म्हणाले, "घसरेल." चेष्टा कळण्याच्या पलीकडे गेले होते.

मग चाचणी. भर उजेडात, मुद्दाम. परसात चार बादल्या एका ओळीत. सिलिंडरची किल्ली माझ्या हाती, अर्धी फिरवून. मास्तर इंजिनाशेजारी. खिडकी उघडी.

"लोड एकदम येईल हं!" ते ओरडले.

"येऊ द्या!" ओरडायला दम नव्हता, ती नुसतं म्हणाली. मी ओरडून पोचवलं.

तिने बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, तेच गोड. तिने मान तिरकी केली, थोडं थांबली, तापू दिलं. मग दोन्ही हातांनी दांडा धरून खाली खेचला. मध्यावर मशीन किंचाळलं. तिने दात ओठांवर रोवले आणि उरलेला दांडा खेचला. खट. बादल्यांसकट घर गेलं इंजिनावर, आणि ते कण्हलं. पार खाली गेला आवाज. मास्तर खिडकीतून तिच्याकडे बघत होते. तिने मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं नाही. डोळे मिटून ऐकत होती.

"बसला," ती पुटपुटली. "बसला... बसला... उचलला."

उचलला होता. आवाज खालून वर आला आणि जाड होऊन एका जागी टेकला. तिच्या मशीनची घरघर पुन्हा सुरू झाली. मी किल्ली सोडली तेव्हा माझ्या तळव्यावर तिचा छाप उठला होता.

"पट्टा सैल आहे पंख्याचा," वहिनी म्हणाली. "चिवचिवतोय. सांगा त्यांना."

मी सांगितलं. ते वाकले, कान लावला, आणि हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना बघत होते.

तेव्हापासून दर आठवड्याला असंच. ती बटण दाबते, ती खटका ओढते, इंजिन कण्हतं, उचलतं, बादल्यांतलं पाणी तापतं आणि मास्तर त्याच पाण्याने तिचे पाय शेकतात. सगळं झकास. फक्त बाहेर जायचं नाव नाही. "हळूहळू बघू," म्हणायचे. मला 'हळूहळू' ह्या शब्दाचा संताप येतो. माझ्या वयाला तो परवडत नाही.

मग परवा वीज गेली. खरोखरची. चाचणी नाही, काही नाही. आकाश निरभ्र, दुपार, आणि सगळं बंद. आम्ही खेळत होतो. मशीन किंचाळलं. मी उठले तर वहिनीने हात केला, बसा. पानं पालथी ठेवली. बटण. थांबली. दांडा. खट. कण्हला, उचलला. पानं पुन्हा हातात. "टाका, तुमची पाळी."

मास्तर परसातून धावत दारापर्यंत आले होते. दारातच थांबले. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आणि फोन वाजला. त्यांचा फोन हल्ली तिच्याच उशाशी पडलेला असायचा. तिने आवाज मोठा करून उचलला. केक करणाऱ्या बाई होत्या, त्या नाक्यापलीकडच्या, घरातच तीन मोठे फ्रीज आहेत त्यांचे. रडवेल्या झाल्या होत्या. "मास्तर, सुरू होऊन बंद पडतोय हो. तीन मजली केक आहे आत, संध्याकाळी द्यायचाय. क्रीम उतरायला लागलंय!"

"मी सध्या बाहेर जात..." मास्तर दारातून म्हणाले.

"येतायत ते," वहिनी फोनमध्ये म्हणाली. "निघालेच. फ्रीज उघडू नका." आणि फोन ठेवला.

"मी कुठे हो म्हटलं?"

"मी म्हटलं."

"अगं, केकसाठी? केकसाठी मी तुला..."

"मला काय? आत्ता सुरू कुणी केला? घर कुणी घेतलं त्याच्यावर? तुम्ही काय केलंत? धावलात." तिला धाप लागली, हात वर करून तिने त्यांना बोलू दिलं नाही, श्वास पुरा केला. "कुणाचं तरी मरण अडवायलाच जायचं, असं आहे का? त्या बाईचा केक उतरतोय. तेवढंसुद्धा पुरे आहे. जा."

मास्तरांनी डिझेलची टाकी बघितली. सिलिंडर बघितला. खटका हाताने चाचपला. मला सांगायला लागले, "ताई, समजा आवाज..."

"मास्तर, मी डावीकडे फिरवते. आता झोपेतही फिरवते. निघा."

बादल्या स्कूटरला अडकवून ते गेले. वहिनी हातात पान धरून ऐकत होती. खेळात लक्ष नव्हतं. स्कूटर गल्लीच्या टोकापर्यंत गेली, आणि आवाज थांबला.

"कोपऱ्यावर उभे आहेत," ती म्हणाली. "इंजिन ऐकतायत. ताई, खिडकीत जाऊन ओरडा हो जरा. माझ्यात दम नाही."

मी खिडकीत गेले. खरंच उभे होते, एक पाय जमिनीवर टेकवून, मान इकडे वळवून. मी ओरडले, "मास्तर! निघता का ती उठून येऊ दे?" समोरच्या घरातली दोन माणसं गॅलरीत आली. मास्तरांनी लाजून हात केला आणि स्कूटर सुरू केली. ह्या वेळी आवाज लांब लांब जात पार मिटला.

आम्ही दोन डाव खेळलो. इंजिन परसात जाड आवाजात चाललं होतं. मग फोन वाजला. पलीकडे मास्तर, केकवाल्या बाईंच्या दारात पोचले होते, त्यांच्याच फोनवरून बोलत होते.

वहिनीने फोन घेतलेला हात लांब केला, नळी ताणेल तेवढा, आणि उघड्या खिडकीकडे धरून ठेवला. बराच वेळ. हात दुखायला लागला तेव्हा दुसऱ्या हाताने त्याला आधार दिला.

मग फोन कानाला लावून म्हणाली, "ऐकलंत? आता त्या बाईंचं काय म्हणणं आहे ते बघा. आवाज आधी बसला की दिवे आधी मंद झाले, ते विचारलंत का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. ती "हं" म्हणाली आणि पानं उचलली.